पेर्कूनास, पेर्केले आणि शेजारधर्म



फिनलंडमध्ये कुणाच्या पायावर ओंडका पडला, बर्फात गाडी रुतली किंवा हातातोंडाशी आलेला सामना निसटला, की तोंडातून एक शब्द निघतो : पेर्केले. त्यातला 'र' जिभेवर जितका घोळवावा तितका राग मोठा. शब्दाचा अर्थ सैतान. ही शिवी इतकी फिनिश मानली जाते, की कडक, हुकमी कारभाराला शेजारच्या स्वीडनमध्ये 'पेर्केलेचा कारभार' म्हणतात.

आता बाल्टिक समुद्र ओलांडून दक्षिणेला या. लिथुआनियात आभाळ भरून येतं, ढग गरजायला लागतात, आणि लोक म्हणतात, पेर्कूनास गरजतोय. पेर्कूनास म्हणजे मेघगर्जना, आणि गर्जना करणारा देवसुद्धा. वादळी पावसाला आजही तिथे 'पेर्कूनिया' म्हणतात.

बहुतेक अभ्यासकांच्या मते हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. एका भाषेत देव, दुसरीत सैतान. हे कसं झालं ते आज सांगायचं आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते भाषेचे शिक्षक होते, आणि दूरच्या भाषेतला शब्द आपल्या अंगणात आणून तपासण्याची त्यांना आवड होती. त्या आवडीला धरूनच मी विषय निवडला.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. फिनिश आणि लिथुआनियन या एका कुळातल्या भाषा नाहीत. लिथुआनियन ही भारोपीय, म्हणजे मराठी, फारसी, ग्रीक, रशियन यांची दूरची आप्त. फिनिश युरालिक कुळातली. तिची जवळची बहीण एस्टोनियन, लांबची हंगेरियन. रक्ताचं नातं म्हणाल, तर लिथुआनियन शेतकऱ्याची भाषा फिनिशपेक्षा तुमच्या-माझ्या भाषेला जवळची आहे. लिथुआनियनमध्ये देवाला दिएवास म्हणतात, हे ऐकल्यावर वेगळा पुरावा लागत नाही. आज नकाशावर हे दोन देश एकमेकांना टेकतही नाहीत. मध्ये लाटविया आहे, एस्टोनिया आहे, फिनलंडचं आखात आहे. तरी शब्द एक. म्हणजे केव्हातरी हे लोक एकमेकांच्या शेजारी राहत असले पाहिजेत.

त्या शेजाराचा पहिला पद्धतशीर शोध घेतला डॅनिश पंडित व्हिल्हेल्म टॉमसेन यांनी. फिनिश आणि बाल्टिक भाषांच्या संपर्कावरचा त्यांचा ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला. (मंगोलियातले ओर्खोन शिलालेख उलगडणारे टॉमसेन ते हेच, तीन वर्षांनी तेही काम त्यांनी केलं.) त्यांनी दाखवून दिलं, की फिनिशमध्ये बाल्टिक शब्दांचा फार जुना आणि फार जाड थर आहे. आणि ते शब्द कोणते? पूल म्हणजे सिल्ता, लिथुआनियनमध्ये तिल्तास. कुऱ्हाड किर्वेस, तिकडे किर्विस. सुकं गवत हेइना, तिकडे शिएनास. मेंढपाळ पाइमेन, तिकडे पिएमुओ. रानहंस हान्हि, तिकडे झाँसिस. आपला हंसही त्याच घरचा. हजार या संख्येचा शब्दसुद्धा फिनिशने तिथूनच घेतला.

या शब्दांच्या अंगावर काळाच्या खुणा आहेत. फिनिशमध्ये एका टप्प्यावर 'ति'चा 'सि' झाला, म्हणून तिल्तासचा सिल्ता. जुन्या 'श'चा 'ह' झाला, म्हणून शिएनासचं हेइना. म्हणजे हे बदल होण्याआधीच शब्द आत येऊन बसले होते. अभ्यासक हा संपर्क साधारण ख्रिस्तपूर्व दुसऱ्या आणि पहिल्या सहस्रकांत ठेवतात. एकानेही काही लिहून ठेवलेलं नाही, आणि तरी शब्दांच्या उच्चारावरून काळ कळतो. भाषाशास्त्राची ही ताकद मला अजूनही थक्क करते.

पण माझं लक्ष सर्वांत जास्त वेधतात ते नात्यांचे शब्द. फिनिशमध्ये बहीण म्हणजे सिसार, मुलगी म्हणजे त्युतार, नवरी म्हणजे मोर्सिआन. तिन्ही बाल्टिकमधून आलेले. सिसारमध्ये आपला 'स्वसृ' ऐकू येतो, त्युतारमध्ये 'दुहितृ'. बाजारात भेटणारे लोक एकमेकांकडून मिठाचा शब्द घेतील, कुऱ्हाडीचा घेतील. बहिणीचा आणि नवरीचा घेणार नाहीत. असे शब्द घरात येतात ते सुनेबरोबर. तिथे सोयरीक झाली होती. दुसऱ्या भाषेतल्या बायका या घरांत नांदल्या, त्यांनी पोरं वाढवली, आणि पोरांनी आईचे शब्द उचलले, असंच अनुमान निघतं. आपण मराठी माणसांनी याचं नवल करू नये. अक्का, अण्णा, अप्पा हे आपल्या घरातले शब्द दक्षिणेच्या शेजाराने दिलेले आहेत, आणि ते परके आहेत असं आपल्याला कधी वाटलेलं नाही.

सुनेबरोबर शब्द येतात तसे देवही येतात. इथे पेर्कूनास समोर येतो.

त्याचं नाव लेखी सापडतं ते तेराव्या शतकापासून. १२६१च्या सुमाराच्या एका स्लाव्ह नोंदीत बाल्टिक लोक कुणाला बळी देतात ते सांगताना लिहिलं आहे, की पेर्कूनासला, म्हणजे गडगडाटाला. लिथुआनिया हा युरोपातला सर्वांत उशिरा ख्रिस्ती झालेला देश. राजा योगाइला याच्या काळात १३८७ साली धर्मांतर झालं, आणि पश्चिमेकडच्या झेमाइतिया प्रदेशात त्यानंतर, १४१३पासून. एवढ्या उशिरापर्यंत जुना देव उघडपणे पुजला गेला, म्हणून त्याच्याविषयी पुष्कळ टिकून आहे. पेर्कूनासचं झाड ओक. त्याच्या नावाचं मूळ जुन्या भारोपीय भाषेतल्या ओकवाचक शब्दात आहे, असं अनेकांचं मत. लॅटिनमधला ओकचा शब्द 'क्वेर्कुस' त्याच मुळाचा. उंच ओकवर वीज पडते, म्हणून झाड विजेच्या देवाचं. वसंतातली पहिली गर्जना होईपर्यंत जमिनीला हात लावायचा नाही, असा संकेत होता. त्या गर्जनेने जमीन जागी होते आणि मग गवत उगवतं. ख्रिस्ती झाल्यावरही घरोघरी चर्चमधून मंत्रून आणलेली मेणबत्ती असे, आणि वादळात ती लावत. तिचं नाव अनेक ठिकाणी पेर्कूनासची मेणबत्ती असंच राहिलं. शेतात नांगराच्या फाळाला अश्मयुगातली दगडी कुऱ्हाड लागली, तर ती पेर्कूनासने फेकलेली समजून घरात जपून ठेवायची.

आणि पेर्कूनासचा शत्रू कोण? वेल्नियास. म्हणजे सैतान. लोककथांमध्ये पेर्कूनास त्याच्यामागे धावतो. वेल्नियास झाडाखाली दडतो, दगडामागे लपतो, आणि जिथे जिथे लपतो तिथे वीज कोसळते. इंद्र आणि वृत्र ज्यांना माहीत आहेत त्यांना ही कथा नवी नाही. १९७०च्या दशकात इव्हानोव आणि तोपोरोव या दोन रशियन अभ्यासकांनी अशा कथा एकत्र मांडून त्यांमागच्या एका मूळ पुराणकथेची जुळणी करून पाहिली. तिचे सगळे तपशील मला पटत नाहीत. एका साच्यात फार काही बसवण्याचा मोह त्यात आहे. पण गर्जनेचा देव सैतानाला हाणतो, एवढं तर लिथुआनियन आजीबाईही सांगत.

मग ज्याने सैतानाला हाणावं, त्याचंच नाव फिनिशमध्ये सैतानाला कसं मिळालं?

एक धागा लिथुआनियनमध्येच आहे. तिथे रागाने म्हणतात : तुझ्यावर पेर्कूनास कोसळो. आपल्याकडे एखादी म्हातारी 'वीज पडो तुझ्यावर' म्हणते ना, हुबेहूब तेच. म्हणजे देवाचं नाव शापात होतंच. शपथ आणि शाप दोन्हीकडे मोठ्या देवाचं नाव लागतं, लहान देवाने भागत नाही. त्या नावाने शाप देणारा शेजारी रोज कानावर पडला, तर शब्दाचा धाक आपल्या भाषेत येतो, पूजा येत नाही.

दुसरा धागा धर्मांतराचा. फिनलंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीडनमार्गे बाराव्या शतकापासून आला, पण फिनिश भाषेत पुस्तक छापायला सोळावं शतक उजाडावं लागलं. विटेनबर्गला ल्यूथरच्या पायाशी शिकून आलेले मिकाएल आग्रिकोला यांनी १५४३च्या सुमारास फिनिशचं पहिलं पुस्तक, अक्षरओळखीचं, छापलं आणि १५४८ साली 'नवा करार'. त्याच दशकात, १५४७ साली, मार्तिनास माझ्वीदास यांनी क्योनिग्सबर्गला लिथुआनियनमधलं पहिलं पुस्तक छापलं. दोघेही ल्यूथरपंथी, दोघांच्याही समोर एकच अडचण : लोक अजून जुन्या देवांना धरून आहेत. माझ्वीदास प्रस्तावनेत तक्रार करतात, की काही लोक पेर्कूनासला नवस बोलतात. आग्रिकोला १५५१ साली स्तोत्रसंहितेच्या प्रस्तावनेत फिनिश लोकांच्या जुन्या देवांची पद्यात यादी देतात. त्यात गर्जनेचा देव आहे, पण त्याचं नाव उक्को. उक्को म्हणजे म्हातारबाबा. त्याची बायको राउनी कटकट करायला लागली, की उक्को गरजतो आणि पाऊस पडतो, असं आग्रिकोला सांगतात. पेरणीच्या वेळी उक्कोच्या नावाने प्याला भरून प्यायचा, अशी चाल होती. आजही फिनिशमध्ये गडगडाटाला 'उक्कोनेन' म्हणतात. पेर्केलेचं नाव त्या देवांच्या यादीत नाही. बायबलच्या भाषांतरांत मात्र सैतानाच्या जागी पेर्केले येतो.

यावरून काहीजण म्हणतात, फिनिश लोकांनी पेर्केलेला देव म्हणून कधी पुजलंच नसेल. असेलही. शब्दाची शेवटची '-एले' ही रचनाही नेमकी कशी आली, यावर वाद आहे. पण आखातापलीकडच्या एस्टोनियनमध्ये 'प्योर्गेल' म्हणजे सैतान आणि 'प्योर्गु' म्हणजे नरक. म्हणजे हा शब्द एकट्या फिनिशचा नाही, आणि पाद्रीबाबांनी तो घडवलेलाही नाही. त्यांना तो लोकांच्या तोंडी तयार सापडला. बहुधा एका भयंकर, शापातल्या शक्तीचं नाव म्हणून. त्यांनी त्याला बायबलमध्ये पक्की जागा दिली. १६४२च्या, १७७६च्या आणि थेट १९३८च्या फिनिश बायबलात येशूला वाळवंटात मोहात पाडणारा हाच, पेर्केले. १९९२च्या नव्या भाषांतरात तो शब्द काढून 'पाहोलाइनेन', म्हणजे दुष्ट, असा घातला. कारण उघड आहे : चारशे वर्षांत शब्द शिवी होऊन बसला होता, आणि देवळात शिवी वाचता येत नाही.

याला समांतर असं उदाहरण आपल्या अगदी जवळ आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. गोव्यात गावोगावी देवचार आहे. तो गावाची राखण करतो. रात्री हातात काठी घेऊन शीव फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, अशी श्रद्धा. त्याला नारळ, रोट, विडी, दारू देतात. आणि त्याच गोव्यात ख्रिस्ती कोकणीत 'देवचार' म्हणजे सैतान. एकाच भाषेत, एकाच गावात, कधी कधी एकाच वाड्यावर. राखणदार आणि सैतान यांच्यामध्ये अंतर कसलं, तर धर्मांतराचं. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूरला छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त मराठीचे वैकुंठासारखे शब्द ख्रिस्ती स्वर्गासाठी उचलले, हे आपण कौतुकाने सांगतो. पण वर जाणाऱ्या शब्दांबरोबर काही शब्द खालीही ढकलले गेले. नव्या धर्माला स्वर्गाचं नाव लागतं तसं नरकाचंही लागतं, आणि दोन्ही नावं तो जुन्या धर्माच्या घरातून घेतो. इराणात हेच झालं. आपले देव तिकडे 'दएव' म्हणजे राक्षस झाले.

आता वेदांतल्या पावसाच्या देवाकडे, पर्जन्याकडे येतो. श्रोत्यांपैकी काहींच्या मनात तो मघाशीच येऊन गेला असेल.

ऋग्वेदात पर्जन्याची मोजकी सूक्तं आहेत; त्यातलं पाचव्या मंडलातलं त्र्याऐंशीवं फारच देखणं आहे. तिथला पर्जन्य झाडं उन्मळून टाकतो, दुष्टांना ठार करतो, वनस्पतींत रेतस् ठेवतो. आपण त्याला वर्तमानपत्रातलं पर्जन्यमान करून टाकलं. पर्जन्य आणि पेर्कूनास एकच काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात जोरात होता. १८५९ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात 'पर्जन्य' या देवावर लेख लिहिला तो गेओर्ग ब्यूलर यांनी. चार वर्षांनी हेच ब्यूलर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्हणून आले, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या कीलहॉर्नबरोबर त्यांनी मुंबई संस्कृत ग्रंथमाला सुरू केली. १८८२ साली केंब्रिजच्या व्याख्यानांत माक्स म्युलरने पर्जन्याजवळ लिथुआनियन पेर्कूनास उभा केला, आणि सतराव्या शतकातल्या एका एस्टोनियन शेतकऱ्याची पावसासाठीची प्रार्थनाही सांगितली. बैल अर्पण करून पीक मागणारा तो शेतकरी मराठवाड्यातल्या कुणालाही ओळखीचा वाटेल.

जुळणी मोहक आहे, पण अडचण आहे 'ज' आणि 'क' यांची. पेर्कूनासच्या मुळात 'क' आहे. संस्कृतमध्ये तो नियमाने 'ज' होत नाही. म्हणून आजचे कित्येक भाषाशास्त्रज्ञ हे नातं नाकारतात किंवा अनिर्णित ठेवतात, तर काही एकाच मुळाची दोन रूपं कल्पून ते राखतात. यास्काचार्यांनाही हे नाव सोपं गेलं नव्हतं. निरुक्तात त्यांनी त्याच्या अनेक व्युत्पत्ती दिल्या आहेत : तृप् हा धातू उलटा करून तृप्त करणारा, श्रेष्ठ जिंकणारा, श्रेष्ठ जन्म देणारा, रस मिळवून देणारा. एका शब्दाला चार-चार दारं उघडून पाहणारा तो माणूस मला आजच्या अनेक छातीठोक विधानांपेक्षा जास्त आदरणीय वाटतो. कारण हल्ली असं काही साम्य दिसलं, की लगेच ऐकू येतं : बघा, सगळं संस्कृतातून गेलं. नाही गेलं. लिथुआनियन संस्कृतची मुलगी नाही, ती तिची चुलतबहीण आहे. आणि फिनिश तर घराण्यातलीच नाही, ती शेजारीण आहे. बहीण आणि शेजारीण यांतला फरक न कळणं हे दोघींवरही अन्याय करणारं आहे.

फिनिशच्या शेजाऱ्यांमध्ये इराणी-भारतीय लोकही होते. फिनिशमध्ये हातोडीला 'वासारा' म्हणतात. तो आपला वज्र. स्टेपच्या गवताळ प्रदेशातल्या आर्यभाषी टोळ्यांकडून तो उत्तरेच्या जंगलात गेला, यावर आज फारसा वाद नाही. म्हणजे म्हातारबाबा उक्को आपल्या हाताने जी हातोडी आपटतो, तिचं नाव इंद्राच्या आयुधाचं.

एक पक्षी सांगायचा राहिला. आपल्याकडे हिवाळ्यात पाणथळ जागी पाणलावा येतो. चिखलात लांब चोच खुपसत फिरतो आणि चाहूल लागली की वाकडातिकडा उडतो. इथे तो जवळजवळ मुका. उत्तरेत विणीच्या दिवसांत मात्र नर उंचावरून झेपावतो आणि त्याच्या शेपटीच्या बाहेरच्या पिसांतून वारा जाऊन बकरी बेंबटावी तसा आवाज होतो. लिथुआनियनमध्ये त्या पक्ष्याला म्हणतात 'पेर्कूनो ओझेलिस', पेर्कूनासचा बोकड. फिनिशमध्ये म्हणतात 'ताइवान्वुओहि', आभाळाची बकरी. गर्जनेच्या देवाशी बोकडाचं नातं जुनं आहे. नॉर्स थॉरचा रथही बोकडच ओढतात. फिनिश 'वुओहि' म्हणजे बकरी हा बाल्टिक 'ओझीस'वरून घेतलेला. संस्कृत 'अज' त्याच रक्ताचा. आणि 'ताइवास' म्हणजे आभाळ. तो कुठून आला? 'देव' या शब्दावरून. बाल्टिकमधून किंवा त्याहून आधी इराणी-भारतीयमधून. म्हणजे फिनिश माणसाने पेर्कूनासला सैतान केलं, आणि 'देव' या शब्दाला आभाळ.

शेवटचा साक्षीदार फार पूर्वेला, व्होल्गा नदीच्या खोऱ्यात आहे. तिथे एर्झ्या लोक राहतात. त्यांची भाषा युरालिक, फिनिशची दूरची नातलग, आणि रशियनच्या रेट्यापुढे ती आज झपाट्याने मागे हटते आहे. एर्झ्यात गडगडाटाला म्हणतात 'पुर्गिने'. तोही बाल्टिक पेर्कूनासचाच, असं मानतात. एकेकाळी बाल्टिकभाषी लोक मॉस्कोच्या आसपासपर्यंत पसरलेले होते, हे नद्यांच्या नावांवरून दिसतं. आणि एर्झ्यांचा गर्जनेचा देव आहे 'पुर्गिनेपाझ'. त्यातला 'पाझ' म्हणजे देव. हा शब्द दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्यांकडून, इराणी-भारतीय लोकांकडून आला. मुळात तो 'भग', भगवानमधला. एका युरालिक भाषेतल्या एका देवाच्या नावाचा पहिला भाग बाल्टिक, दुसरा आर्य. फिनलंडमध्ये जो शब्द सैतान झाला, तो व्होल्गाकाठी अजून देव आहे, आणि त्याच्या नावाच्या शेवटी आपला भग उभा आहे.